शिंग पुन्हा घरात आले

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना होता. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी म्हशीच्या शिंगांची एक जोडी घरी घेऊन आलो. शिंगे वर्तमानपत्रात गुंडाळून वरून गोणपाट बांधले होते आणि शर्टाच्या वरच्या खिशात ती विकत घेतल्याची पावती होती. पावती मी हट्टाने मागून घेतली. एक तर कारकुनाची सवय. दुसरे म्हणजे जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले, ते चित्र आपण कोणीच विसरलेलो नाही. तेव्हापासून आपल्या माणसाच्या पिशवीत जनावराचे काही असले की पावती ही नुसती पावती राहिलेली नाही. माल म्हशीचा होता, परवान्याच्या जागेवरून घेतलेला होता. तरीही बसमध्ये माझे सारे लक्ष शेजारच्या माणसाच्या नजरेकडे होते.

पण खरी नजर घरी होती.

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिचे वय आता सत्तरीच्या घरात आहे. गोणपाट अजून माझ्या खांद्यावरच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "शिंगं हायेत न त्याच्यात?"

मी थबकलो. "तुला कसं कळलं, माय?"

"वासानं." तिने सूप बाजूला ठेवले. "थे उंबऱ्याच्या आत आनू नको. तुह्या आज्यानं ढोरं ओढनं सोडलं त्या दिवसापासून या घरात शिंग आलं नाही. अन् तू शिकून-सवरून, बी. कॉम. होऊन, पैसे देऊन इकत आनलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी गोणपाट तसेच उचलले आणि वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या सुतारकाकांच्या छपरात नेऊन ठेवले.

आता मला ही अवदसा कुठून सुचली, ते सांगतो. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. ती शाळेच्या मैदानावर तिरंदाजी शिकते, आपले साधे बांबूचे धनुष्य घेऊन. मोठ्या स्पर्धेतील धनुष्याचा पूर्ण संच लाखाच्या वर जातो. कारकुनाच्या पगारात तो बसत नाही. ती रोज मला कोरियाच्या मुलींच्या गोष्टी सांगायची. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत महिला सांघिक तिरंदाजीचे सुवर्णपदक दर वेळी कोरियानेच नेले, ओळीने दहा वेळा. एके दिवशी तिने विचारले, "बाबा, त्यांचे आजे-पणजे कशाचं धनुष्य वापरायचे?"

मी संध्याकाळी विहारातील अभ्यासिकेत मुलांचा अभ्यास घेतो. मुलांना "शोधा म्हणजे सापडेल" असे सांगणाऱ्याने स्वतः शोधायला नको का? शोधले, आणि जे सापडले त्याने मी चक्रावून गेलो.

कोरियाच्या जुन्या धनुष्याचे नाव 'गाकगुंग'. गाक म्हणजे शिंग आणि गुंग म्हणजे धनुष्य. आणि हे शिंग कोणाचे, तर म्हशीचे! कोरियात म्हैस नाही. तेव्हा तिथले राजे चीनमार्फत आणि दक्षिणेकडील देशांतून समुद्रमार्गे म्हशीची शिंगे मागवत. म्हशी आणून पाळण्याचेही प्रयत्न त्यांनी करून पाहिले. ज्या शिंगासाठी एका राज्याने एवढा आटापिटा केला, ते आपल्याकडे उकिरड्यावर पडलेले असे. आपल्या विदर्भातील नागपुरी म्हशीची शिंगे पाहा. लांब, चपटी, तलवारीसारखी मागे वळून खांद्यापर्यंत गेलेली. पंढरपुरी म्हशीची तर त्याहून लांब, एक मीटर आणि त्याच्याही पुढे. धनुष्यासाठी असेच लांब शिंग लागते. मुऱ्हा म्हशीचे गोल वळलेले शिंग त्या कामाचे नाही.

हे धनुष्य एका लाकडाचे नसते. त्यात तीन थर असतात. ते समजून घ्यायला एक हिरवी डहाळी हातात घ्या आणि वाकवा. बाहेरच्या बाजूची साल ताणून फाटते. आतल्या बाजूची साल दबून तिला सुरकुत्या पडतात. मधल्या भागाला फारसा त्रास होत नाही. जुन्या कारागिरांनी नेमके हेच ओळखले होते. दाब सोसण्यात शिंगाचा हात धरणारे दुसरे काही नाही, म्हणून तिरंदाजाच्या छातीकडच्या बाजूला शिंगाची पट्टी. ताण सोसण्यात जनावराच्या पायातील जाड, पांढरी नस, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती सर्वांत चिवट. म्हणून लक्ष्याकडच्या बाजूला तिचे तंतू. आणि दोघांना सांभाळायला मधे बांबू किंवा लाकूड. कोरियात बांबू, तुर्कस्तानात मॅपलचे लाकूड. हे सारे जोडायचे ते जनावराच्या कातड्या-नसांपासून केलेल्या सरसाने किंवा माशाच्या पोटातील हवेच्या फुग्यापासून केलेल्या सरसाने. खिळा नाही, स्क्रू नाही. दोरी काढली की हे धनुष्य उलट्या दिशेला वळते आणि त्याची दोन्ही टोके जवळजवळ एकमेकांना भेटतात. म्हणजे दोरी चढवतानाच त्याला पूर्ण उलटे वाकवावे लागते. सारी ताकद तिथेच साठते.

या ताकदीचा हिशेबही ऐका. कोरियात पारंपरिक तिरंदाजीचे लक्ष्य आजही १४५ मीटरवर असते. इस्तंबूलमध्ये ओकमैदान नावाची जुनी जागा आहे. तिथे लांब पल्ल्याच्या बाणांचे दगड उभे केलेले आहेत. तोझकोपारान इस्कंदर या तिरंदाजाचा पल्ला साडेआठशे मीटरच्या आसपासचा सांगतात. मला मात्र आवडली ती महमूद एफेंदी यांची गोष्ट. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनमधील तुर्की वकिलातीत चिटणीस होते. त्यांनी तिथल्या तिरंदाजांसमोर तुर्की धनुष्यातून ४८२ यार्ड, म्हणजे सुमारे ४४० मीटर बाण मारून दाखवला आणि इंग्रज पाहतच राहिले. चिटणीस म्हणजे आमच्याच जातकुळीतला, लेखणीचा माणूस! मुलीला मी म्हटले, "बघ, कारकुनाला कमी समजू नको."

आणि हे सारे परदेशातलेच आहे असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराचे प्रकरण आहे. त्यात ताड, बांबू, लाकूड यांच्या जोडीला शिंगाचे धनुष्य सांगितले आहे आणि दोरीच्या वस्तूंमध्ये जनावराची नसही आहे. मोगलांच्या फौजेत शिंगाची कमान होती. कमान करणारा तो कमानगर. कच्छमध्ये कमानगर समाज आजही आहे. कमानींवर रंगकाम करणारे त्यांचे हात पुढे भिंतींवर चित्रे काढू लागले. इतकेच काय, विष्णूच्या धनुष्याचे नावच शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचे, शिंगाचे. शिंग देवाच्या हातात गेले की पवित्र. तेच माझ्या आजोबांच्या डोक्यावरील टोपलीत आले की विटाळ. मग दोष शिंगात होता की पाहणाऱ्याच्या डोळ्यात?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला आणि मी शिंगे घेऊन आलो. पण या प्रश्नाची दुसरी बाजू आईजवळ होती, आणि ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

सुतारकाका फर्निचरच्या दुकानात तीस वर्षे काम करून आता घरी बसले आहेत. मला ते 'बाबू' म्हणतात. त्यांनी शिंग हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाले, "बाबू, लाकूड मले समजते. हे मले समजत नाही. याच्या आतलं हाड काढाचं कसं?"

शिंग हे वरचे कवच असते, आपल्या नखासारखे. आत हाडाचा गाभा असतो. आम्ही ठोकून पाहिले, हलवून पाहिले, चिमट्यात धरून ओढले. शिंग हलेना. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी जेवताना सहज म्हणाली, "काकांना हाड निघत नाहीये." आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ठोकून निंघत नसते थे. आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आतलं सडलं का आपोआप सुटते. मंग शिंगाचं तोंड खाली करून गोट्यावर आपटा."

घरात कोणी काही बोलले नाही. आई पुन्हा भाकरीकडे वळली. मुलीने जेवण झाल्यावर ते शब्द वहीत लिहून घेतले. दहाव्या दिवशी सुतारकाकांनी शिंग दगडावर आपटले आणि हाडाचा गाभा गपकन बाहेर पडला. त्याबरोबर जो वास सुटला तो मी सांगू शकत नाही. मी नाकाला रुमाल लावून छपराबाहेर पळालो. बाहेर उभा असताना मला पहिल्यांदा कळले की आई दारात बसून काय ओळखत होती.

पुढचे काम सुतारकाकांच्या ओळखीचे होते. शिंग लांबीने करवतले, पाण्यात उकळून मऊ केले आणि दोन फळ्यांमध्ये शिकंजात दाबून सरळ केले. मग कानशीने घासून पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी काढली. काळीभोर, आरपार उजेडाला धरली तर कडेने मधासारखी दिसणारी. बांबू चिरून, तासून, विस्तवावर शेकून वळवला. टोकांना तुतीचे लाकूड बसवले. कोरियातही टोकांना तुतीच वापरतात. तुर्की कारागीर शिंगाच्या आणि लाकडाच्या जोडायच्या बाजूंवर लांब बारीक रेघा कोरतात, म्हणजे सरस आत घट्ट धरतो. ते आम्हीही केले. कोरियात माशाचा सरस वापरतात. तो मासा आपल्या किनाऱ्यावरील घोळ माशाच्या कुळातला. पण घोळीचा फुगा सोन्याच्या भावाने विकला जातो. म्हणून आम्ही सुतारी सरसावर भागवले.

इथेच माझी घाई नडली. सरस रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर विरघळवायचा असतो. उकळला की त्याचा जीव जातो. सुतारकाका म्हणत होते, "बाबू, दमानं घ्या." पण मला सोमवारी ऑफिस होते. मी आच वाढवली. शिंगाची पट्टी चिकटवली आणि सुतळीने आवळून बांधली. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, त्यावर नसेचे तंतू चढवले. जुलैत एका रात्री छपरातून काडकन आवाज आला. सकाळी जाऊन पाहतो तर शिंग बांबूपासून सुटून वर आलेले, आणि तंतू ओल्या चिंधीसारखे मऊ पडलेले. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

नंतर नीट वाचले तेव्हा समजले की कोरियात हे काम थंडीच्या महिन्यांत करतात. उन्हाळा-पावसाळ्यातील दमट हवेत सरस धरत नाही. तयार धनुष्यसुद्धा ते लोक उबदार पेटीत ठेवतात. वरून बर्च झाडाची पातळ साल चिकटवतात, ती ओल आत जाऊ नये म्हणून. आपल्याकडील पावसाळ्यात हे धनुष्य सांभाळणे किती कठीण गेले असेल! म्हणूनच भारतात पोलादाची धनुष्येही बनत असत. त्यांना सरस सुटण्याची भीती नव्हती.

मी खचलो. पण मुलगी म्हणाली, "बाबा, एका पेपरात नापास झालं म्हणून तुम्ही अभ्यासिकेतल्या पोरांना शाळा सोडू देता का?" झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, थंडी पडली आणि आम्ही दुसरी जोडी पाण्यात टाकली.

या वेळी सर्वांत किचकट काम घरातच करावे लागले, कारण छपरात रात्री उजेड नव्हता. मी आईला विचारले. ती म्हणाली, "नस आनशील तं आन. वाळली का वास नसते तिले. शिंग नको." वाळलेली नस काडीसारखी कडक, पिवळसर, अर्धपारदर्शक दिसते. ती दगडावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू ठेचायची. ठेचता ठेचता ती पांढरी पडते आणि तिचे तंतू सुटू लागतात. मग ते बोटांनी वेगळे करायचे, केस विंचरावे तसे फणीने विंचरायचे, लांबीप्रमाणे जुड्या लावायच्या. तासाभराच्या कामात मूठभर तंतू निघत नाहीत. मी आणि मुलगी रोज रात्री जेवणानंतर बसायचो. आई पलंगावरून पाहायची.

चौथ्या-पाचव्या रात्री ती खाली उतरून आमच्याजवळ बसली आणि बोलू लागली. मला चाळीस वर्षांत जे तिने सांगितले नव्हते, ते तिने नातीला सांगितले.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. पन पोट दीक्षा घेत नाही, बाई. गावानं काम बंद केलं. पानी बंद केलं. मंग रातच्यानं, कोनी पाहू नये म्हनून, बाप ढोर ओढून आनायचा. शिंगं-हाडं गोळा करून ठेवायचा. बाजाराच्या दिवशी थे टोपलं माह्या डोक्यावर. मी आठ वर्साची होती. व्यापारी हात लावत नव्हता. टोपलं दूर ठेवाले लावायचा, पैसे दुरून फेकायचा. मी तिसरीत होती. एका बाजाराच्या दिवशी उशीर झाला म्हनून तशीच शाळेत गेली. पोरींनं नाकाले पदर लावला. मास्तरनं मले दाराबाहेर बसवलं. घरी येऊन म्हनली, मी शाळेत जात नाही. बाप काही बोलला नाही. त्यानं ढोर ओढाचा दोर चुलीत टाकला. त्या दिवसापासून मेला तरी हात नाही लावला. पन माही शाळा काही वापस आली नाही."

मुलीच्या हातातील फणी थांबली होती. आईने तिच्या हातातून तंतूंची जुडी घेतली, सुटे टोक पिळून सारखे केले आणि परत दिली. "असं कर. नाही तं गुंता होते."

त्या रात्री मला झोप आली नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एका हिशेबाची गोष्ट सांगितली आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर चामडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असे आपल्या लोकांच्या भल्याचा आव आणून सांगणारे तेव्हा होते. वर्षाचा आकडाही त्यांनी काढून दाखवला होता. बाबासाहेबांनी त्यांना उलट विचारले की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ढोरे ओढा आणि नफा घ्या. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे रोज मांडतो. पण त्या हिशेबातली चूक मला त्या रात्री पुरती कळली. त्यात शिंगाची किंमत होती, तिसरीत सुटलेल्या शाळेची नव्हती. तो खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

मग मला स्वतःचीही लाज वाटली. मी घरात सारखा सांगत होतो की बघा, कोरियात शिंगाला किती मान! १९७१ मध्ये तिथल्या सरकारने धनुष्य-बाण करण्याची विद्या राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केली. तुर्की तिरंदाजीचे नाव २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. हे सारे खरे आहे. पण मान कोणाला होता? धनुष्य ओढणाऱ्या सरदाराला होता. कारागिराला थोडाफार होता. जनावर कापणारा, कातडे कमावणारा मात्र तिथेही गावाबाहेर होता. कोरियात त्याला पेकजोंग म्हणत. १८९४ मध्ये कायद्याने तो भेद संपला, पण गावाने संपवला नाही. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये जिंजू शहरात पेकजोंगांच्या समतेसाठी संघटना उभी राहिली. तिचे नाव ह्योंगप्योंगसा. त्या नावात तराजू आहे आणि समानता आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, जपानच्या क्योतो शहरात कातडेकाम करणाऱ्या आणि तसल्याच ठरवल्या गेलेल्या लोकांनी सुइहेइशा ही संघटना काढली होती. आणि १९२७ मध्ये आपले महाड. सुमारे पाच वर्षांत तीन देशांतील माणसे उठली. राजाच्या धनुष्यावरील बैलाची नस कोणाच्या हातून आली, हे सांगायला नको. धनुष्य दिवाणखान्यात टांगले गेले आणि तो हात मात्र वेशीबाहेर राहिला.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, मी असे म्हणणार नाही की आपल्या पूर्वजांचे ते काम थोर होते आणि आपण ते सोडून चूक केली. मुळीच नाही. सोडले म्हणून मी ऑफिसात खुर्चीवर बसतो आणि माझी मुलगी हातात धनुष्य धरते. पण त्या हातांना जे कळत होते ते अज्ञान नव्हते. शिंग कसे सुटते, नस कशी वाळते, तंतू कसा धरायचा, ही विद्याच होती. अपमान विद्येत नव्हता. अपमान तिला जन्माशी बांधण्यात होता, दुरून फेकलेल्या पैशात होता, दाराबाहेर बसवण्यात होता. हे दोन वेगळे करून पाहायला मला चाळीस वर्षे लागली.

दुसऱ्या धनुष्याला आम्ही घाई केली नाही. सरस मंद आचेवर केला. बोट बुडवून सहन होईल त्याहून थोडा जास्त गरम, बस्स. शिंग चिकटवून, बांधून, महिनाभर हात लावला नाही. मग तंतू सरसात भिजवून, टोकापासून टोकापर्यंत एकामागून एक बसवले. पहिला थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. तंतू वाळताना आखडतात आणि धनुष्याला आपल्याकडे ओढून घेतात. दर रविवारी जाऊन पाहावे तर ते थोडे आणखी उलटे वळलेले दिसायचे. सुतारकाका म्हणायचे, "जित्तं हाये हे, बाबू."

एप्रिलच्या उन्हात ते पूर्ण वाळले. दोरी चढवण्याआधी त्याला निखाऱ्यावर दुरून शेकावे लागते. मी आणि सुतारकाका दोघांनी मिळून गुडघ्याखाली दाबून ते उलटे वाकवले आणि मुलीने दोरीचा फास टोकाच्या खाचेत सरकवला. एक बाजू थोडी पिळलेली निघाली. ती पुन्हा शेकून, कानशीने शिंग घासून सारखी करण्यात तीन आठवडे गेले. शेवटी भंगारवाल्याचा हुकाचा काटा लावून ताण मोजला तर तो १४ किलो भरला. कोरियाच्या कारागिराने पाहिले असते तर हसला असता. पण आमच्यासाठी ते पुष्कळ होते.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर गेलो. आईला मी चल म्हटले नव्हते. ती आपणहून चप्पल घालून निघाली आणि लिंबाच्या सावलीत बसली. मुलीने तीस मीटरवर लक्ष्य लावले. पहिला बाण डावीकडे गेला. दुसरा अलीकडेच पडला. तिसरा लक्ष्याच्या कडेला रुतला. मग तिने मैदान मोकळे असल्याची खात्री केली, धनुष्य वर उचलले आणि बाण सोडला. तो मैदान ओलांडून पलीकडच्या बांधाजवळ पडला. आम्ही पावले मोजली. एकशे बारा.

स्पर्धेत मुलगी अर्थातच तिचे नेहमीचेच धनुष्य वापरते. हे शिंगाचे धनुष्य पावसाळ्यात आम्ही लाकडी पेटीत ठेवतो. आत एक छोटा बल्ब लावला आहे, कोरियाच्या उबदार पेटीची नक्कल. पेटी सुतारकाकांनी फुकट करून दिली.

त्या दिवशी मैदानावरून निघताना आईने धनुष्य मागितले. मांडीवर आडवे घेऊन तिने शिंगाच्या काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग ते नाकाजवळ नेले.

"वास नाही येत," ती म्हणाली.

"नाही येत, माय. घासून-पुसून झालं की नाही येत."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तू पेपरात लिहतं न? मंग हे लिहून ठेव. माह्या नातीनं शिंगाले हात लावला थो हौसेनं लावला. कोनी लावाले लावला नाही. अन् ती शाळेतून आली होती."

म्हणून लिहिले.